उपाहारगृहाचा आराखडा आणि ब्रेक-ईव्हनचे गणित

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या उद्योगविषयक पानावर नव्या उपाहारगृहचालकांविषयी मजकूर येतो, तेव्हा मी तो आवर्जून वाचतो. भांडवल कसे उभे केले, जागा कशी मिळवली, सजावटीवर किती मेहनत घेतली, हे सारे त्यात असते. परंतु रोज किती गिऱ्हाइके आली म्हणजे ते उपाहारगृह स्वतःचा खर्च स्वतः भागवू लागते, हा आकडा मात्र सापडत नाही. छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि त्यांच्यापैकी अनेकांचे आराखडे माझ्या टेबलावरून पुढे गेले, म्हणून या एका आकड्याविषयी लिहावेसे वाटले.

ना नफा ना तोटा बिंदू, ज्याला व्यवहारात सर्रास ब्रेक-ईव्हन म्हणतात, तो बहुतेक आराखड्यांत असतोच; पण शेवटच्या पानावर, कर्जाच्या अर्जाला जोडायचा एक तक्ता म्हणून. तोवर जागेच्या करारावर सही झालेली असते, फर्निचरची आगाऊ रक्कम गेलेली असते, आचारीही ठरलेला असतो. मग तक्त्यातले उत्तर गैरसोयीचे निघाले तर आराखडा बदलत नाही, अपेक्षित विक्री तेवढी वाढवली जाते. एका आराखड्यात विक्रीचा आकडा तीनदा खोडून वाढवलेला मी पाहिला आणि खर्चाच्या रकान्यात एकही खाडाखोड नव्हती. माझे म्हणणे एवढेच आहे की, हे गणित सही होण्यापूर्वी मांडावे, विक्रीच्या रकमेत न मांडता माणसांच्या संख्येत मांडावे आणि उत्तर पाहून आराखड्याला हात घालावा.

गणित अवघड नाही. कर वगळून एका माणसाचे सरासरी बिल १०० भागांचे धरले आणि त्यातले ४० भाग कच्चा माल, पॅकिंग, कार्डाचे शुल्क अशा विक्रीबरोबर वाढणाऱ्या खर्चात गेले, तर ६० भाग हाती राहतात. भाडे, कायम नोकरांचे पगार, विमा, परवाने, व्याज, घसारा हे सगळे या ६० भागांतूनच भागवायचे असते. हा दरमहाचा स्थिर खर्च समजा १,२०० माणसांच्या सरासरी बिलांइतका आहे. त्याला ०.६० ने भागले की उत्तर येते २,०००. महिन्यातले २५ दिवस उपाहारगृह उघडे राहणार असेल, तर रोज ८० माणसे जेवून गेली पाहिजेत, तेव्हा कुठे नफाही नाही आणि तोटाही नाही.

रोजची ८० माणसे आणि ४० खुर्च्या, म्हणजे प्रत्येक खुर्ची दिवसात दोनदा भरली की झाले, असे वाटते. इथेच सरासरी फसवते. आठवड्याच्या मधल्या १७ दिवसांत रोज ५० माणसे आली, तर ८५० होतात. उरलेली १,१५० माणसे शनिवार-रविवारच्या ८ दिवसांत यावी लागतात, म्हणजे दिवसाला जवळजवळ १४४. त्यासाठी प्रत्येक खुर्ची एकाच दिवसात साडेतीन वेळांहून अधिक भरून रिकामी व्हायला हवी आणि तीही लोकांच्या जेवणाच्या ठरलेल्या तीन-चार तासांत. शिवाय चौघांच्या टेबलावर दोघे बसले की उरलेल्या दोन खुर्च्या हिशेबात असतात, पण विकता येत नाहीत.

हे आकडे मी हवेतून घेतलेले नाहीत. एक पतिपत्नी माझ्याकडे आराखडा घेऊन आले होते, त्यांचे प्रमाण जवळपास असेच होते. सुदैवाने करार झालेला नव्हता. मी त्यांना सांगितले की, ज्या भागात जागा घेणार आहात तिथल्या चालत्या उपाहारगृहासमोर आठवडाभर वही घेऊन बसा आणि दर अर्ध्या तासाला किती माणसे आत गेली आणि किती जणांच्या घोळक्याने गेली ते लिहा. त्यांनी ते मनापासून केले. वहीत बहुतेक ओळींवर २ हा आकडा होता. त्यांच्या नकाशात मात्र दहाही टेबले चौघांची होती. वही मिटल्यावर त्यांनी वरचा मजला सोडून दिला, दोघांची आणि गरज पडल्यास जोडता येतील अशी टेबले घेतली आणि खुर्च्या ३२ केल्या. स्थिर खर्च १,२०० बिलांवरून ९६० वर आला, तेव्हा महिन्याला १,६०० आणि रोज ६४ माणसे पुरेशी ठरली. मधल्या दिवसांचा ५० चा अंदाज तसाच ठेवला, तरी सुट्टीच्या दिवशी १४४ ऐवजी सुमारे ९४ माणसे लागणार होती. ही संख्या जमवणेही सोपे नाही, पण ती ३२ खुर्च्यांच्या आवाक्यातली आहे.

सवलतीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण सर्वाधिक नुकसान मी इथेच होताना पाहिले आहे. बिलावर १० टक्के सूट दिली की, १०० भागांचे ९० होतात, पण वाढता खर्च ४० च राहतो. हाती ६० ऐवजी ५० उरतात आणि २,००० ऐवजी २,४०० माणसे लागतात. १० टक्के सूट भरून काढायला २० टक्के अधिक गिऱ्हाईक हवे, हे सूट जाहीर करण्यापूर्वी कागदावर मांडलेले मी क्वचितच पाहिले. घरपोच ऑर्डरींचेही तसेच आहे. मध्यस्थ बिलाचा चौथा हिस्सा घेत असेल आणि डबे-पिशव्यांवर आणखी ४ भाग जात असतील, तर ६० पैकी ३१ च उरतात. म्हणजे अशी एक ऑर्डर बसून जेवणाऱ्या माणसाच्या जेमतेम अर्ध्या मोलाची. ती घेऊ नये असे मी म्हणत नाही, रिकाम्या दुपारी ती उपयोगीच पडते, पण आराखड्यात तिला वेगळा रकाना हवा. स्वयंपाकघरातली नासाडी आणि वाढताना सैल सुटणारा हात यांमुळे ४० चे ४४ झाले, तरी महिन्याला आणखी १४३ माणसे लागतात.

मेनू ठरवतानाही हाच ‘हाती किती उरते’ हा प्रश्न कामाला येतो. मायकेल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी १९८२ मध्ये मांडलेली मेनू इंजिनिअरिंगची पद्धत प्रत्येक पदार्थ दोन कसोट्यांवर तपासते: तो किती खपतो आणि एका प्लेटमागे किती रक्कम सोडून जातो. मालाचा खर्च टक्केवारीने कमी असलेला पदार्थ रकमेने फारच थोडे देऊन जात असेल, तर त्याच्यावर आराखडा उभा करू नये.

दोन खर्च मात्र हमखास सुटतात. एक, मालकाचा स्वतःचा पगार. घरातली दोन माणसे दिवसभर राबतात आणि त्यांच्या श्रमाची किंमत शून्य धरली जाते, त्यामुळे कागदावर समतोल दिसतो आणि घर मात्र जुन्या बचतीवर चालते. दुसरा, कर्जाच्या हप्त्यातला मुद्दलाचा भाग. तो नफातोटा पत्रकात येत नाही, परंतु दर महिन्याला गल्ल्यातून जातोच, म्हणून रोखीचा ब्रेक-ईव्हन वेगळा काढावा लागतो.

पहिल्या महिन्यांचेही तसेच. गिऱ्हाईक ब्रेक-ईव्हनच्या ४० टक्के आले, तर त्या महिन्याच्या स्थिर खर्चातला ६० टक्के भाग खिशातून जातो. पुढच्या महिन्यांत ते ५५, ७० आणि ८५ टक्के होत पाचव्या महिन्यात १०० वर पोहोचले, तर एकूण खड्डा दीड महिन्याच्या स्थिर खर्चाएवढा पडतो. ही रक्कम पहिल्या दिवशीच बाजूला ठेवलेली हवी. सजावटीत ती संपलेली असेल, तर चवीला दाद मिळत असतानाही दार बंद करण्याची पाळी येते. ९० टक्के उपाहारगृहे पहिल्याच वर्षी बुडतात, असे आपल्याकडे आणि जगभर सांगितले जाते, पण एच. जी. पारसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, अमेरिकेतील कोलंबस शहराच्या अभ्यासात पहिल्या वर्षीचे प्रमाण सुमारे २६ टक्के आणि तीन वर्षांचे मिळून सुमारे ६० टक्के आढळले होते. म्हणजे पडझड तीन वर्षांवर पसरलेली असते, आणि तेवढ्या काळात दर महिन्याला आकडा तपासणाऱ्याला भाड्याची बोलणी करायला, मेनू आखडायला किंवा एक दिवस बंद ठेवायला वाव मिळतो.

आपणांस एक विनंती आहे. यापुढे एखाद्या उपाहारगृहाविषयी लिहिताना, त्या चालकाला रोज किती माणसे लागतात, सुरुवातीला ती किती धरली होती आणि तो आकडा प्रत्यक्षात कोणत्या महिन्यात गाठला, हे तीन प्रश्न कृपया विचारावेत आणि उत्तरे मजकुरात छापावीत.

आपला,
एक हिशेबनीस वाचक