बाबांच्या टोपणनावाबद्दल

पुणे

ती. बाबा व सौ. आईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांसाठी आहे, पण डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून वाचून दाखवणार आईच, म्हणून दोघांच्या नावे लिहिते. आई, खिडकीत बसून वाचू नकोस. दांडिया बाजारात आपल्या खिडकीतलं सगळं खाली ओट्यावर ऐकू जातं. त्याच कारणाने काकांचं नाव इथे लिहीत नाही. कोणते काका ते तुम्हाला कळेल.

बाबा, मंडळाच्या त्रैमासिकातले तुमचे लेख वाचले. हॉल कोणाला किती भाड्याने दिला आणि वर्गणीचा हिशेब कुठे अडला, हे तुम्ही फार नेमकं पकडलंय. ‘गणपती पाटावर, हिशेब पाटाखाली’ या वाक्याशीच ओळखलं, हे आमचे बाबा. लेखाखाली नाव मात्र काकांचं! आईला फोनवर विचारलं, तर ती म्हणाली, “अगं, टोपणनाव आहे ते.”

तुमची अडचण मला कळते. गेल्या निवडणुकीत तुम्ही पडलात, तेव्हा स्वतःच्या नावाने लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, जळफळाट आहे. काकांना लिहिण्याचा नाद नाही, म्हणजे त्यांच्यावर कोण कशाला संशय घेईल, असा तुमचा हिशेब. पण छापील लेखाखाली नाव दिसलं की लोक संशय घेत नाहीत, सरळ विश्वास ठेवतात. ‘त्यांचं मधलं नाव वेगळं आहे’ हा तुमचा बचाव तर ऐकवतही नाही. मधलं नाव तुम्ही छापलंय कुठे?

काय झालं ते मला त्यांच्या सुनेकडून कळलं. तुमच्याबद्दल तिला काही ठाऊक नाही, ती आपली मन मोकळं करत होती. नातवाच्या मुंजीसाठी काका हॉल विचारायला गेले, तर उत्तर मिळालं, “आमचा हॉल तुम्हाला कसा चालेल?” गुरुवारच्या भजनात पेटीवर आता दुसरेच कोणी बसतात. बिचारे चिटणीसांकडे जाऊन सांगून आले की मी एक ओळ लिहिलेली नाही. चिटणीस हसले आणि म्हणाले, “असू द्या हो, लिहिलंत ते लिहिलंत.” मला या हसण्याचाच सगळ्यात जास्त राग आला. ‘मी लिहिलं’ म्हणणाऱ्याला लोक निदान धीट म्हणतात. ‘मी नाही लिहिलं’ म्हणणारा घाबरून शब्द फिरवतोय असंच वाटतं, आणि न लिहिल्याचा पुरावा माणूस आणणार कुठून? भांडण तुमचं, आणि बिल फाडलंत त्यांच्या नावावर.

टोपणनावाला माझा अजिबात विरोध नाही. बाळूताई खरे यांनी, म्हणजे पुढच्या मालती बेडेकरांनी, 1933 साली विभावरी शिरूरकर हे नाव घेतलं, कारण बायकांच्या मनातलं लिहिताना खरं नाव देणं तेव्हा महागात पडलं असतं. पण ते नाव त्यांनी रचलेलं होतं, शेजारणीचं उचललेलं नव्हतं. तुम्ही आईला कुसुमाग्रज, गोविंदाग्रज, केशवसुत असे दाखले दिलेत म्हणे. अहो, कुसुमाग्रज म्हणजे कुसुमचा थोरला भाऊ, गोविंदाग्रज म्हणजे गोविंदाचा, आणि केशवसुत म्हणजे केशवरावांचा मुलगा. प्रत्येकाने नाव आपल्याच घरातून घेतलं. आणि माधव ज्यूलियन तर 1894 साली आपल्या बडोद्यातच जन्मले. त्यांनी ‘ज्यूलियन’ लावलं म्हणून रावपुऱ्यातल्या कोणा ज्यूलियनरावांना तोंड लपवावं लागलं नाही.

दादाचा दाखला निराळाच. ल्यूथर ब्लिसेट नावाचा इंग्लंडचा फुटबॉलपटू 1983 मध्ये मिलानच्या संघात खेळायला गेला होता. पुढे 1994 पासून इटलीतल्या कलावंतांनी आणि चळवळ्या मंडळींनी त्याचं नाव सामाईक टोपणनाव म्हणून वापरलं. ब्लिसेटने ते हसण्यावारी नेलं, मग काकांनी का नेऊ नये, असं दादाचं म्हणणं. पण ते लिखाण त्या खेळाडूचं नाही हे लोकांना कळत होतं, आणि त्याला काही मुंजीसाठी हॉल मागायचा नव्हता. दादाला वकिली जमत नाही, त्याने इंजिनिअरच राहावं.

मला जास्त पटते ती आर्टेमस जोन्सची गोष्ट. 1908 साली इंग्लंडच्या ‘संडे क्रॉनिकल’मध्ये एक खुसखुशीत लेख आला. चर्चचा कारभार बघणारा एक सभ्य गृहस्थ फ्रान्समधल्या दिएपला जाऊन परक्या बाईबरोबर चैन करतो, असं त्यात होतं, आणि त्या गृहस्थाचं नाव आर्टेमस जोन्स. वृत्तपत्राचं म्हणणं, हे पात्र काल्पनिक आहे. पण त्या नावाचे एक बॅरिस्टर खरोखरच होते. त्यांच्या ओळखीच्यांनी कोर्टात सांगितलं की आम्हाला हे यांच्याबद्दलच वाटलं. ज्यूरीने 1,750 पौंड भरपाई दिली, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाऊनही निकाल फिरला नाही. लिहिणाऱ्याच्या मनात कोण होतं याला तिथे महत्त्व नव्हतं, ओळखणाऱ्यांना कोण दिसलं याला होतं. ते निदान नकळत झालं. तुम्ही तर काकांना तीस-पस्तीस वर्षं ओळखता! कोर्टाची भीती घालत नाही, काका त्या वाटेला जायचे नाहीत. म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

तुम्हाला कंटाळा आला की हे टोपणनाव टाकून दुसरं घ्याल. काकांचं नाव त्यांच्या पेन्शनच्या कागदांवर आहे, लाइट बिलावर आहे, ते त्यांना टाकता येणार नाही. उद्या त्यांनाच खरोखर काही तक्रार मांडायची झाली, तर लोक तुमच्याच लेखांचा पुढचा भाग म्हणून वाचतील. आणि जुने अंक बांधून ठेवायची मंडळाची पद्धत आहे. आपण सगळे गेल्यावर कोणी ते चाळलं, तर त्याला सांगायला कोण असेल?

आई, तूही यात आहेस. बाबांचे लेख सुवाच्य अक्षरात उतरवून कोण देतं ते मला माहीत आहे. खालचं नाव लिहिताना तुझा हात थांबला असणार, तेव्हाच बोलायला हवं होतंस.

पुढच्या अंकात बाबांनी स्वतःच्या नावाने लिहावं की आधीचे सगळे लेख माझे आहेत. लेखातला एक शब्दही मागे घेऊ नये, हिशेब विचारायलाच हवा, आणि जळफळाट म्हणणाऱ्यांना म्हणू द्यावं. फक्त अंक निघायच्या आधी काकांकडे जायला हवं. हे त्यांना छापून आल्यावर कळणं बरं नाही. मुंज जवळ आली आहे, तेव्हा चिटणीसांकडेही बाबांनीच जावं.

शनिवारी सकाळी पोचते. काकांकडे सोबत येईन, पण बोलायचं तुम्ही. डोळ्यांचे थेंब वेळेवर घाला.

तुमची,
छकुली