विषय: पट्टी शंभर टक्के भरूनही नोंदी गायब. लेखी खुलासा हवा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनला पाचवा फोन केला. सहावा करणार नाही, म्हणून हे लिहितो आहे.

पेटी-नोंदीचा फॉर्म तुमचाच आहे, तो कसा चालतो हे मी सांगायला नको. नाव, पेट्या, डझन भरून ‘जतन करा’ दाबलं की खाली हिरवी पट्टी धावते आणि भरली की ‘नोंद झाली’ येतं. तीन हंगाम मी त्या पट्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवला. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून कुठली पेटी कुणाच्या बागेतली याला मोल आलं. म्हणून तर वही बाजूला ठेवून तुमचं सॉफ्टवेअर घेतलं.

एप्रिलात एका संध्याकाळी, नोंदी जिथे साठतात त्या गोदामातल्या मशीनकडे जाणारी वायर पेट्यांच्या थप्पीमागे निसटली. कुणाच्या लक्षात आलं नाही. वाशीची गाडी दारात उभी होती, मी एकामागून एक नोंदी करत होतो आणि प्रत्येक वेळी पट्टी भरत होती. सकाळी बघतो तर साडेसहानंतरचं काहीच नाही. १४ बागायतदार, २१२ पेट्या. गड्यांना विचारून, चिठ्ठ्या जुळवून बहुतेक हिशेब लावला. एका म्हाताऱ्या बाईंच्या नऊ पेट्या कशातच सापडल्या नाहीत. त्या माझ्या ओटीवर बसून विचारत होत्या, “माझ्यो नऊ पेट्यो खंय गेल्यो रे?” त्यांचे पैसे मी खिशातून दिले. पण ज्या नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ती कशी भरून देऊ?

आता आजचा फोन. तुमच्या माणसाने आधी विचारलं, “काका, पट्टी पूर्ण भरली होती का?” हो म्हटलं. “मग नोंद झालेली असणार.” झाली नाही म्हणूनच फोन केलाय, असं सांगितलं. त्यावर म्हणाला, “घरात लहान मुलं आहेत का? कुणीतरी डिलीट केलं असेल.” माझं वय ६३ आहे, त्या मशीनला घरातलं दुसरं कुणी हात लावत नाही. मी म्हटलं, थांबा. फोन कानाला लावूनच वायर उपटली आणि त्याला सांगितलं, वायर माझ्या हातात आहे, आता ‘जतन करा’ दाबतो. पट्टी निघाली. मी मनगटावरचं घड्याळ बघत होतो. अकरा सेकंदांत भरली, ‘नोंद झाली’ आलं. विचारलं, “कुठे झाली ते सांगा.” बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, “सर, ती पट्टी टायमरवर चालते. काम चालू आहे असं ग्राहकाला दिसावं म्हणून. सेव्हशी तिचा संबंध नाही. सगळीकडे असंच असतं, अशी तक्रार तुम्हीच करताय.” फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत मेसेज आला: तक्रार बंद, ग्राहकाचे समाधान झाले.

माझं समाधान झालेलं नाही. ते कुणी परस्पर लिहिलं, याचंही उत्तर द्या.

माझा भाचा पॉलिटेक्निकला आहे. त्याने त्याच्या लॅपटॉपवर दहा मिनिटांत तुमच्यासारखीच पट्टी करून दाखवली. फॉर्मवर एक टायमर, त्याचा अवधी १०० मिलिसेकंद. प्रत्येक टिकटिकीला पट्टीचा आकडा एकाने वाढतो, शंभर झाला की टायमर बंद. नोंद डिस्कवर गेली की नाही, हे त्यात कुठेच विचारलेलं नाही. गेल्या वर्षीच्या अपडेटनंतर ‘१०१ ही किंमत चालत नाही’ असा एरर यायचा, तो का, हेही तेव्हा कळलं. टायमर थांबवायला विसरला होतात. त्यानेच पुढे सांगितलं की किती वेळ लागेल हे माहीत नसेल तर नुसती फिरती पट्टी ठेवता येते, आणि माहीत असेल तर किती नोंदी लिहून झाल्या ते काम करणाऱ्या भागाकडूनच विचारून पट्टी पुढे सरकवता येते. म्हणजे खरी पट्टी करता येत होती, तुम्ही केली नाहीत.

आमच्या धंद्यात पट्टी म्हणजे वाशीच्या दलालाकडून येणारा हिशेब. किती पेट्या, काय भाव, हमाली आणि गाडीभाडं वजा जाऊन हातात किती. खोटी पट्टी लावणाऱ्याकडे आम्ही पुन्हा माल पाठवत नाही. तुम्ही मला तीन वर्षं खोटी पट्टी दाखवलीत. वायर निघालेली असताना, नोंद कुठेच गेलेली नसताना, ती भरत राहिली आणि मी लोकांना ‘झालं हां’ म्हणून घरी पाठवत राहिलो.

पंधरा दिवसांत लेखी खुलासा, दुरुस्त केलेला फॉर्म आणि नऊ पेट्यांचे पैसे हवेत. नाही आले तर सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. वायर हातात धरून केलेल्या नोंदीचा व्हिडिओ भाच्याने काढून ठेवला आहे. या तालुक्यात तुमचं सॉफ्टवेअर मीच चार जणांना घ्यायला लावलं होतं. त्यांना काल घरी बोलावून वायर काढून दाखवली. चौघांनीही वही पुन्हा सुरू केली आहे.

आंबा बागायतदार,
देवगड, जि. सिंधुदुर्ग