ज्या ताईंनी मला ‘नाही’ म्हणायची मोकळीक दिली, त्यांना

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर तुमच्या टेबलावर आणून द्यायला हवं. पण तुमच्यासमोर बसलं की मी आजही गोळ्या, रिपोर्ट आणि पुढची तारीख एवढंच बोलते, आणि मागे रांग असतेच. डॉक्टरांचे आभार सगळेच मानतात, आम्हीही पेढे घेऊन गेलो होतो. तुम्ही ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर, म्हणजे किडनी बसवायच्या ऑपरेशनची सगळी जुळवाजुळव बघणाऱ्या; पण आमच्या घरी सगळे तुम्हाला फॉर्म भरून घेणाऱ्या मॅडम, एवढंच धरून चालले होते. म्हणून चार लोकांत लिहितेय.

तुम्हाला आठवत असेल, ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या, घरातल्या कुणाची एक चालेल का हे बघायला दिंडोरीहून आम्ही जीपभर माणसं आलो होतो. सासूबाईंना साखर, त्यामुळे त्या पहिल्याच फेरीत बाद. धाकट्या दिरांना नेमकी टोमॅटोची तोडणी आडवी आली. (ती तोडणी पुढे बरेच महिने चालली, असो.) राहिले मी. मला कुणी विचारलंच नाही. ‘कुंकवाचा प्रश्न आहे, बाई देईलच की,’ असं चुलत सासऱ्यांनी बोलूनही टाकलं.

तुम्ही सगळ्यांना चहाला पिटाळलंत. ह्यांनासुद्धा. दार लावलंत आणि म्हणालात, “तुम्हाला द्यायची नसेल तर आत्ता मला सांगा. घरी एवढंच कळेल की तुमची किडनी घेता येत नाही. कारण मी कुणाला सांगणार नाही.”

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण अशा मोठ्या गोष्टीत मला ‘तुमचं काय?’ असं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. नंतर कळलं की दाता बाई असेल तर तिची संमती तिच्या एकटीची आहे ना, हे पेशंटव्यतिरिक्त दुसऱ्या कुणाकडून पक्कं करून घ्यावं, असं अवयव प्रत्यारोपणाच्या 2014 च्या नियमांतच लिहिलंय. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हेही तुम्हीच सांगितलंत. नियम सहीपुरता पाळणारेही असतील. तुम्ही बाहेरचे लोक दार वाजवायला लागले तरी उठला नाहीत.

मी लगेच ‘देते’ म्हटलं नाही. हिशेब विचारला. पतसंस्थेत कर्जाची कागदपत्रं बघणारी बाई मी, मुद्दल आणि मुदत कळल्याशिवाय सही करत नाही. आधी एके ठिकाणी ‘ऑपरेशन केलं की माणूस नव्यासारखा’ एवढ्यावरच आमची बोळवण झाली होती. तुम्ही मात्र पाठकोरा कागद ओढलात.

डायलिसिसला नावं ठेवायची नाहीत, हे आधी बजावलंत. खरंच होतं ते. ह्यांना जगवलं त्या मशीननेच. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. नाशिकच्या निमाणी स्टँडला उतरायचं, रिक्षा करायची, वजन करायचं, सुया टोचून घ्यायच्या. हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे सुया टोचायला जोडून दिलेल्या शिरेवर, बोट ठेवलं की आत थरथर लागायची. ती आहे ना, हे मी रोज सकाळी बघायचे. दारात टोमॅटोच्या क्रेटची थप्पी आणि ह्यांना त्यातली फोड चालायची नाही, कारण त्यातलं पोटॅशियम रक्तात साठतं. भाजी चिरून उकळायची, पाणी फेकायचं, मग फोडणी. पाणी मोजून. तरी शुक्रवारनंतर थेट सोमवार आला की रविवारी रात्री धाप लागायची. हा दोन दिवसांचा खाडाच हृदयाला जड जातो, त्यानंतरच्या दिवशी मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं, हे तुम्ही सांगितल्यावर त्या रविवारच्या रात्रींचा उलगडा झाला. मशीन रक्त गाळतं, पण किडनीची बाकीची कामं त्याला जमत नाहीत. म्हणून तर रक्त वाढायची इंजेक्शनं वेगळी घ्यावी लागायची.

मग तुम्ही कागदावर दोन रेघा काढल्यात. अमेरिकेतला अभ्यास, 1999 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला. एक रेघ मृत दात्याच्या किडनीसाठी यादीत नाव लावून डायलिसिसवर थांबलेल्यांची, दुसरी त्याच यादीतून किडनी मिळालेल्यांची. सरसकट सगळ्या डायलिसिसवाल्यांशी तुलना केली तर ती फसवी, कारण यादीत नाव लागतं तेच मुळात जरा धडधाकट असतात. हा मुद्दा मला फार पटला. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका थांबलेल्यांच्या 2.8 पट. इथे तुम्ही थांबलात आणि माझ्याकडे बघितलंत. पुढे तो धोका उतरत जातो, दोन्ही रेघा एकमेकींना कापतात, आणि लांबचं बघितलं तर किडनी मिळालेल्यांचा धोका 68 टक्क्यांनी कमी. जिवंत दात्याची किडनी साधारणपणे याहून बरी चालते, आणि डायलिसिसवर जितकी वर्षं जास्त जातात तितका फायदा घटत जातो, हेही सांगितलंत. आपल्याकडच्या, पुण्याहून चालणाऱ्या तशाच यादीत नाव लावून ठेवा, पण तिथे नंबर कधी येईल त्याची खात्री कुणी देणार नाही, हेसुद्धा.

आणि किडनी कायमची नसते. जिवंत दात्याची सरासरी 15 ते 20 वर्षं. हे चाळिशीतले, म्हणजे साठीच्या आसपास पुन्हा मशीन किंवा पुन्हा दाता. शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून गोळ्या रोज, किडनी चालते तोवर. त्या गोळ्यांनी जंतुसंसर्गाची भीती, साखर चढायची शक्यता. माझ्या बाजूचंही झाकून ठेवलं नाहीत. उरलेली किडनी वाढून बराच भार उचलते, सगळा नाही, पुढे किडनीचा त्रास व्हायचा धोका थोडा का होईना वाढतो, दरवर्षी बी.पी., रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती चालते ते त्यावरून कळतं) आणि लघवीतलं प्रोटीन तपासायचं, अंगदुखीच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. हे सगळं ऐकून आधी मी घाबरले, आणि मग जरा निवांत झाले. काय देतेय आणि कशासाठी देतेय, ते आता डोळ्यांसमोर होतं.

मध्ये मी काही दिवस घेतले. तुम्ही एकदाही ‘काय ठरलं?’ म्हणून फोन केला नाहीत. मीच केला.

तुम्ही ह्यांनाही एकट्याने बसवून विचारलंत, बायकोची किडनी घ्यायची आहे का. ते ‘नको’ म्हणाले होते! मला हे घरी आल्यावर कळलं आणि त्या रात्री आमचं कडाक्याचं भांडण झालं. सासूबाईंनी मध्ये पडून मिटवलं, तेही माझ्या बाजूने.

कागदपत्रांचं काय सांगू. नवरा-बायको असल्याचा पुरावा म्हणून लग्नाचा दाखला काढायला गेलो तर लग्न नोंदलेलंच नव्हतं. लग्नाचा फोटो दिला, तर त्यात ह्यांचं तोंड मुंडावळ्यांत दडलेलं; नवरदेव कोण तेच कळेना. तुम्ही हसून दुसरा मागून घेतलात. जनआरोग्य योजनेच्या मंजुरीचा पाठपुरावाही तुम्हीच केलात, नाहीतर आम्ही जमिनीला गिऱ्हाईक बघायला लागलो होतो.

माझी डावी काढली. डावीची शीर लांब असते, जोडायला सोपी पडते. ह्यांच्या उजव्या ओटीपोटात बसवली, जुन्या दोन्ही तशाच आत. शुद्धीवर आल्यावर माझा पहिला प्रश्न होता, ‘लघवी झाली का?’ तुम्ही ड्यूटी संपलेली असताना वर जाऊन बघून आलात, मोबाईलमध्ये पिशवीचा फोटो घेऊन. फिकट पिवळी, टम्म भरलेली पिशवी. सिस्टर तासातासाला मापात ओतून लिहीत होत्या. महिनोन् महिने ज्या माणसाला धड थेंबभर लघवी झाली नव्हती, त्याची ती पिशवी बघून मी टाके दुखेपर्यंत हसले. असला फोटो आनंदाने बघणाऱ्या जगात आपणच दोघी असू.

आता बरं चाललंय. सकाळी-रात्री ठरल्या वेळी टॅक्रोलिमस, म्हणजे किडनी टिकवायची ती गोळी, मोबाईलचा गजर वाजला की अख्खी गल्ली म्हणते, ‘गोळी घ्या.’ मध्यंतरी साखर चढली. दीर घाबरून धावत आले. त्यांना मीच सांगितलं की हे आम्हाला आधीच माहीत होतं, त्यावर गोळी सुरू झालीय. ह्यांनी पुन्हा शेतात लक्ष घातलंय, पण मातीत हात घालताना हातमोजे आणि खुरपणी बंद, यावरून रोज कुरकुर. ती ऐकायला मला काही हरकत नाही.

एक सांगायचं राहिलं. तुमच्या त्या खोलीत एखादी बाई बसली आणि किडनी दिलेल्या बाईशी बोलायचंय म्हणाली, तर माझा नंबर तुमच्याकडे आहेच. तिचं उत्तर ‘नाही’ असलं तरी चालेल, मी तिला भरीस पाडणार नाही. फक्त फोन दुपारी दोननंतर करायला सांगा, त्याआधी आमच्या संस्थेत गर्दी असते.

तुमची,
दिंडोरीची वहिनी