लाईट गेल्यावर खरा वेळ जातो कुठे

संपादक महोदय,

परवा रात्री आमची लाईट गेली ती पावणेचार तासांनी आली. लाईनमन आले तेव्हा मीही टॉर्च घेऊन त्यांच्या मागे मागे फिरलो, म्हणून हे पत्र.

दोन माणसं, एक शिडी आणि समोर अख्खी ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) लाईन. एकेक पोल बघत जायचं, काही दिसलं नाही की मधला स्विच उघडायचा, सबस्टेशनला फोन करून फिडर (तिथून निघणारी ही लाईन) चालू करायला सांगायचं, टिकला तर फॉल्ट स्विचच्या पुढे, ट्रिप झाला म्हणजे आपोआप बंद पडला तर मागे, की परत चालत सुटायचं. शेवटी सापडलं काय, तर एका पिन इन्सुलेटरला (तारेतली वीज पोलला लागू न देणारा भाग) केसाएवढी चीर, जी खालून दिसतच नव्हती. अर्थिंग लावून (बंद लाईन जमिनीला जोडून, म्हणजे चुकून वीज आली तरी माणूस वाचतो), इन्सुलेटर बदलून पाऊण तासात काम झालं. बाकीचे तीन तास नुसते शोधण्यात गेले.

लाईट गेली की लोक म्हणतात वीजच कमी आहे, पण घरातली लाईट जाते ती बहुतेक वेळा या शेवटच्या टप्प्यातल्या बिघाडाने, म्हणजे फिडर, डीपी (गल्लीतला ट्रान्सफॉर्मर), जंपर (दोन तारा जोडणारा तारेचा तुकडा), केबलचा जॉइंट. आणि लाईनमनवर ओरडून काही होत नाही, अर्थिंग लावायच्या आधी त्यांना घाई करायला लावणं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ आहे, तो कुणीच करू नये.

करण्यासारखं आहे ते लाईनवर. फॉल्ट इंडिकेटर तारेवरच अडकवतात, फॉल्टचा करंट त्यातून गेला की दिवा लुकलुकतो, मग शेवटचा लुकलुकणारा आणि पहिला न लुकलुकणारा यांच्या मधेच शोधायचं, एवढं सोपं. दुसरं म्हणजे फिडरचे तुकडे करणारे स्विच आणि दुसऱ्या टोकाकडून बॅकफीड, म्हणजे शेजारच्या लाईनवरून उलट बाजूने वीज देणं. समजा १००० ग्राहक २ तास अंधारात राहिले, तर प्रत्येकी सरासरी १२० मिनिटं (यालाच सायडी म्हणतात). त्यातल्या ६०० जणांना स्विच फिरवून १५ मिनिटांत लाईट दिली तर सरासरी ५७ वर येते, फॉल्ट तोच, दुरुस्तीचा वेळही तोच! ओव्हरहेड लाईनवर फांदी घासली, वीज चमकली असे बरेचसे फॉल्ट क्षणभराचेच असतात, तिथे रिक्लोजर काही सेकंदांत स्वतःच लाईन परत चालू करतो. जमिनीखालच्या केबलला मात्र त्याचा उपयोग नाही, केबलचा फॉल्ट आपोआप जात नाही. आणि फांद्या वेळेवर छाटल्या तर यातलं निम्मं टळेल असं मला तरी वाटतं.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या १३६६ क्रमांकाच्या मानकात ५ मिनिटांपर्यंतची खंडितता सायडीत धरतच नाहीत, युरोपात ही मर्यादा ३ मिनिटांची. म्हणजे दिवसातून चारदा दोन-दोन मिनिटं लाईट गेली, कुणाचं मशीन मधेच बंद पडलं, कुणाचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर थांबलं, तरी त्या आकड्यात सगळं शून्य. या छोट्या ट्रिप वेगळ्या मोजता येतात, त्यासाठी मायफी नावाचा आकडा आहे, पण तो ग्राहकापर्यंत सहसा येत नाही.

म्हणून वीज कंपन्यांना माझी विनंती आहे की पूर्ण विभागाची सरासरी नको, दर महिन्याला फिडरवार आकडे द्या, किती वेळा गेली, किती मिनिटं गेली, छोट्या ट्रिप किती, आणि त्या मिनिटांतली शोधण्यात किती गेली. आमच्या पावणेचार तासांतले तीन तास कुठे गेले हे कुठल्याच रिपोर्टात येणार नाही, ते मी टॉर्च घेऊन गेलो म्हणून मला कळलं.

एक वीजग्राहक