सूचना : ओळख पटवण्यासाठी आणावयाच्या जुन्या प्रोसेसरांबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी दहा वाजता गंगापूर रोडवरील नेहमीच्या जागी जुन्या प्रोसेसरांची ओळख पटवण्याची बैठक होईल.

चिपवर छापलेले हक्कवर्ष (© चिन्हाजवळचे कॉपीराइटचे साल) म्हणजे उत्पादनवर्ष नव्हे. अनेक उत्पादकांच्या चिपवर चार अंकी तारीखसंकेत वेगळा असतो व त्यात ८४३२ म्हणजे १९८४ सालातील बत्तिसावा आठवडा, त्यामुळे दोन्ही नोंदी स्वतंत्रपणे लिहून आणाव्यात. 'डी७०१०८' असा क्रमांक दिसल्यास ती चिप भंगार समजून टाकू नये, कारण तो एनईसी या जपानी कंपनीचा व्ही२० प्रोसेसर असून इंटेल ८०८८ या प्रोसेसरच्याच चाळीस पायांच्या सॉकेटमध्ये बसतो. वरचा थर घासून नवा क्रमांक छापलेल्या चिपही सर्रास विकल्या जातात. पहिल्या पायाजवळचा खळगा उथळ किंवा रंगाने भरलेला दिसला, तर संशय घ्यावा. मात्र ॲसिटोन लावून घरी खातरजमा करू नये, त्याने अस्सल छपाईही पुसली जाऊ शकते.

चिप थर्माकोलमध्ये खोचून आणू नयेत (दरवेळी कोणीतरी आणतेच). स्थिर विजेपासून संरक्षण देणारा काळा फोम वापरावा. सातपूर-अंबडच्या भंगार दुकानांतून घेतलेल्या मदरबोर्डवरील चिप बैठकीपूर्वी उपटू नयेत.