रिमेक म्हणजे नुसती रंगरंगोटी नव्हे

महोदय,

'रिमेक म्हणजे नुसते ग्राफिक्स' असे सोलापुरातली गेमवेडी पोरे सर्रास म्हणतात. 'रेझिडेंट ईव्हिल २' या झोंबींच्या भीतिदायक व्हिडिओ गेमबाबत हे साफ चूक आहे. १९९८च्या मूळ खेळात कॅमेरा जागीच खिळलेला. कोपऱ्यापलीकडचे दिसत नसे, भीती तिथूनच यायची. कॅपकॉम कंपनीने २०१९च्या रिमेकमध्ये तो पात्राच्या खांद्यामागे आणला, पण अंधार आणि टॉर्चच्या झोताने ती भीती राखली. क्षणभर स्थिर उभे राहिले तरच नेम आवळतो. चालता चालता झाडलेली गोळी बहुधा वाया जाते. गोळ्या मोजक्याच, म्हणून झोंबीच्या पायावर मारून त्याला पाडावे आणि निघावे. खेळात सापडणाऱ्या फळ्या नेहमीच्या वाटेवरच्या खिडक्यांना ठोकाव्यात, म्हणजे तिथून झोंबी आत येत नाहीत. पाठलाग करणाऱ्या धिप्पाड मिस्टर एक्सच्या बुटांची धपधप वरून येते की शेजारून, हे कळायला हेडफोन हवाच. खेळ सेव्ह करायला टाइपरायटरची शाईची रिबीन मात्र फक्त 'हार्डकोअर' या सर्वांत कठीण पातळीवर लागते. ती सगळ्याच पातळ्यांवर ठेवायला हवी होती.

— एक वाचक, सोलापूर