दशांशाच्या आधी भागाकार

महोदय,

सहावी-सातवीला मी गणित शिकवते. १/४ म्हणजे ०.२५ हे मुलं घडाघडा सांगतात; ३/४० विचारलं की वर्ग गप्प. अपूर्णांकातली रेघ म्हणजे भागाकार, हे मनात उतरलेलंच नसतं. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून त्यांना १ ला ७ ने हाताने भागू द्या. बाकी ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १! शून्य सोडलं तर सातपेक्षा लहान बाक्या सहाच, म्हणून १४२८५७ हे अंक फिरून येणारच. हे उमगताना मुलांचे चेहरे पाहावेत! छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असले की दशांश संपतो, हेही मग तीच शोधतात. आणि परीक्षकांना विनंती, १/३ = ०.३३ ला पूर्ण गुण देऊ नका. त्याची तिप्पट ०.९९ होते, १ नव्हे.

– एक गणित शिक्षिका